शोध आणि शुश्रूषा : डॉ. सुनीति सॉलोमन ह्यांच्या कार्याचे परीक्षण

आपल्या चरित्रवाङ्मयाला 'आद्य' ह्या शब्दाचा मोठा लोभ आहे. एखाद्या क्षेत्रात ज्याने पहिले पाऊल टाकिले त्याचे नाव क्रमिक पुस्तकात जाते, रस्त्याला दिले जाते, टपालाच्या तिकिटावर छापले जाते. परंतु ते पाऊल टाकल्यानंतर पुढची वीस-तीस वर्षे तो मनुष्य कोणत्या वाटेने चालला, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली आणि स्वदेशी परतल्यावर, रुग्णसेवेस आरंभ होण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. त्यांच्याविषयी महाराष्ट्रास वाटणारा जिव्हाळा सर्वस्वी योग्यच आहे. परंतु लंडनला वैद्यक शिकून आलेल्या आणि सुरत व राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयांत राबलेल्या डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की आपणांस आठवतो तो त्यांच्या विवाहाचा खटला. त्यांनी सोडविलेल्या बाळंतिणी आणि वाचविलेली अर्भके कोणाच्या स्मरणात नाहीत. प्रसंग ध्यानात राहतो आणि सेवा विस्मरणात जाते, हा आपल्या स्मरणशक्तीचा धर्मच होऊन बसला आहे.

हाच दोष डॉ. सुनीति सॉलोमन ह्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातही उतरला आहे. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्या निमित्ताने जे लेख प्रसिद्ध झाले त्यांतील बहुतेक एकाच वाक्याभोवती घोटाळत राहिले. ते वाक्य असे की, भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली प्रथम उघडकीस आला तो ह्यांच्यामुळे. ह्या वाक्यात खोटे काही नाही. तथापि एवढ्यावरच थांबणारे चरित्र हे, रोगाचे नाव सांगून उठून जाणाऱ्या वैद्यासारखे आहे. आमच्या मते डॉ. सॉलोमन ह्यांच्या कार्याचे मर्म १९८६ नंतरच्या एकोणतीस वर्षांत आहे. ज्यांच्या रक्तात तो विषाणू सापडला त्यांस सोडून जावयाचे नाही, असा एक निश्चय त्यांनी केला. पुष्कळांस तो निव्वळ दयेचा वाटला. पण तो शास्त्रदृष्ट्याही बरोबर होता, हे सिद्ध व्हावयास २०११ साल उजाडावे लागले. ह्या दोन सालांच्या मधला जो प्रवास, त्याचेच परीक्षण येथे करावयाचे आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका दिली पाहिजे. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक होऊन चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या एकुलती मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. हृदयशल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन ह्यांच्याशी त्यांनी विवाह केला, इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे काही वर्षे काढली, आणि १९७३ साली त्या परत आल्या. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात वरची पदवी घेऊन आपल्याच महाविद्यालयात त्या प्राध्यापक झाल्या. येथवरचा क्रम एखाद्या यशस्वी प्राध्यापकाचा म्हणता येईल. त्यात इतिहासाने दखल घ्यावी असे काही नव्हते.

अमेरिकेत १९८१ साली एड्स हा रोग प्रथम नोंदला गेला. त्यानंतरची चारपाच वर्षे आपल्याकडे अशी समजूत होती की, हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचे फळ असून भारतीय संस्कृतीच्या तटबंदीमुळे तो आपल्या दारी येणे शक्य नाही. डॉ. सॉलोमन ह्यांनी ही समजूत कसोटीस लावण्याचे ठरविले. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांस प्रबंधासाठी विषय हवा होता. त्यांस त्यांनी हाच विषय सुचविला. निर्मला ह्यांनी पुष्कळ खटपट करून मद्रासेत रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतील कित्येक नमुने सरकारी सुधारगृहात अडकून पडलेल्या वेश्यांचे होते. चाचणीची सोय मद्रासेत नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासण्यात आले आणि त्यांपैकी सहा दूषित निघाले. पुन्हा रक्त घेऊन अमेरिकेत खात्री करून घेण्यात आली, आणि ही वार्ता विधिमंडळापासून संसदेपर्यंत गेली. संस्कृतीची तटबंदी ही केवळ आपल्या कल्पनेत होती, हे सहा काचनळ्यांनी दाखवून दिले.

ह्या कथेकडे आम्हांस टीकाकाराच्या दृष्टीने थोडे थांबून पाहावयाचे आहे. पहिली गोष्ट श्रेयाची. विषय सुचविला प्राध्यापिकेने, वणवण केली विद्यार्थिनीने, चाचणी झाली वेल्लोरला. परंतु लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले. निर्मला प्रबंध पुरा करून दुसऱ्या कामाला लागल्या आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांचे नाव कोणी घेतले नाही. ह्यात डॉ. सॉलोमन ह्यांनी श्रेय हिरावून घेतले असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही; दोष आहे तो 'आद्य कोण' ह्या प्रश्नाचा, कारण त्या प्रश्नाला एकच नाव पुरते आणि दुसरे नाव अडचणीचे होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या स्त्रियांचे रक्त घेतले त्या कोंडलेल्या होत्या, आणि आपण एड्ससाठी रक्त तपासत आहो हे त्यांस आपण सांगितले नव्हते, असे निर्मला ह्यांनीच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. त्या काळच्या वैद्यकात ही रीतच होती. रोग्याची अनुमती ही औपचारिक बाब समजली जाई, आणि रोगी गरीब स्त्री असली तर तितकीही समजली जात नसे. तेव्हा भारतातील एचआयव्ही-संशोधनाचा पाया ज्यांच्या रक्तावर घातला गेला, त्यांस त्या पायाभरणीची वार्ता नव्हती. हे एक ऋण होते. ते कोणी लिहून ठेविले नव्हते आणि त्याची फेड मागावयास कोणी येणारही नव्हते. डॉ. सॉलोमन ह्यांच्या पुढील सर्व कार्याकडे ह्या ऋणाच्या दृष्टीने पाहिले असता त्याचा जो अर्थ लागतो, तो 'आद्य संशोधिका' ह्या बिरुदाने लागत नाही, असे आम्हांस वाटते.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम काचनळीपाशी संपते. नमुना येतो, निर्णय लिहिला जातो, कागद वर जातो. ज्याचे रक्त, तो मनुष्य त्याच्या दृष्टीस पडत नाही. डॉ. सॉलोमन ह्यांनी ही सीमा ओलांडिली. महाविद्यालयातच एड्सविषयी माहिती व सल्ला देणारा एक गट त्यांनी प्रथम उभा केला. हळूहळू त्यांच्याकडे असे लोक येऊ लागले की ज्यांस निर्णयाचा कागद मिळाला होता आणि त्यापुढचे काहीच मिळाले नव्हते. इस्पितळे त्यांस दाखल करून घेत नसत, शल्यवैद्य हात लावीत नसत, नातलग वेगळे ताट मांडीत. शेवटी १९९३ साली सरकारी महाविद्यालयाची सुरक्षित वाट सोडून त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिला आपले वडील वाय. आर. गायतोंडे ह्यांचे नाव दिले. 'वायआरजी केअर' ही ती संस्था. रक्त घेण्यापूर्वी समजावणे, निर्णय सांगताना जवळ बसणे, रुग्णाचे गुपित राखणे, आणि मग औषध, अशी तेथील रीत होती. १९८६ साली जे राहून गेले होते ते येथे नियम होऊन बसले.

त्या काळी ह्या मार्गावर एक मोठा आक्षेप होता, आणि तो मूर्खांनी घेतलेला नव्हता. आक्षेप असा : देश गरीब आहे, द्रव्य मोजके आहे, ज्यास विषाणू लागला तो आज ना उद्या मरणारच, तेव्हा जो पैसा आहे तो निरोगी माणसांच्या बचावासाठी खर्चावा, भित्तिपत्रके लावावी, निरोध वाटावे, रोग्यावर खर्च करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आणि तेथे मरणपंथास लागलेले रोगी उठून बसू लागले, तेव्हा ह्या आक्षेपाला उलट जोरच आला. कारण त्या औषधांचा खर्च एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरांच्या घरात होता. अशा वेळी रुग्णापाशी बसून राहणाऱ्या डॉक्टरास लोक भावनाप्रधान म्हणत असल्यास नवल नाही.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती काही अंशी मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला ह्या मुंबईच्या कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार एका परोपकारी वैद्यकीय संघटनेस ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली, आणि जगभरच्या किमती कोसळल्या. परंतु स्वस्त औषध आणि गुणकारी औषध ह्यांत अंतर नाही, हे कोणीतरी भारतीय रुग्णांवरून दाखवावयास हवे होते. ते काम ज्यांनी केले त्यांत चेन्नईची ही संस्था अग्रभागी होती. तेथील डॉ. एन. कुमारसामी, डॉ. सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, भारतात तयार झालेली औषधे सुरू झाल्यापासून दक्षिणेतील रुग्णांचे मरण आणि त्यांस ग्रासणारे क्षयादी रोग किती झपाट्याने उतरले, हे नोंदले आहे. हा निबंध लिहिता आला, कारण औषध नव्हते तेव्हापासून ह्या रुग्णांची टिपणे कोणीतरी जपून ठेविली होती. ज्यांस बरे करता येत नाही त्यांच्याही प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे ह्याला शास्त्र म्हणावे की शुश्रूषा? आमच्या मते येथे हा भेदच उरत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारनेही निवडक रुग्णालयांतून ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला.

आता ह्या रुग्णांत होते कोण, हे पाहिले पाहिजे. हे मासिक घरातील लहानथोर सर्वच वाचतात, हे ध्यानात ठेवूनही ही गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. समाजाची कल्पना अशी की, हा रोग वाईट चालीच्या माणसांस होतो. चेन्नईच्या संस्थेत ज्या स्त्रिया येऊ लागल्या त्यांत बहुसंख्य गृहिणी होत्या. नवऱ्याखेरीज अन्य पुरुष त्यांस ठाऊक नव्हता. पुण्यातही हेच दिसले. तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९३ ते १९९६ ह्या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी शेकडा १३.६ स्त्रियांच्या रक्तात विषाणू आढळला, आणि त्यांतील बहुतेकींना तो पतीकडून आला होता. पातिव्रत्य हे ज्या समाजात स्त्रीचे कवच मानले जाते, त्या समाजात ह्या कवचातूनच बाण आत शिरला. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून गुप्तरोगांविषयी व स्त्रीच्या शरीरावरील तिच्या हक्काविषयी उघडपणे लिहिले, त्याबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांस कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतके धैर्य आपल्या सुशिक्षित कुटुंबांस असते, तर ह्या ३९१ स्त्रियांतील काही जणी तरी वाचल्या असत्या, असे म्हणावेसे वाटते.

तेव्हा स्त्रीला आपल्या हाती ठेविता येईल, नवऱ्याची मनधरणी करावी लागणार नाही, असे काही साधन हवे, हा विचार संशोधकांत बळावला. सेल्युलोज सल्फेट नावाच्या द्रव्याची जेल तयार करून तिचा प्रयोग आफ्रिकेत तीन व भारतात दोन ठिकाणी सुरू झाला. त्यांतील एक ठिकाण चेन्नई, आणि तेथील सूत्रे डॉ. सॉलोमन ह्यांच्याकडे होती. जानेवारी २००७ मध्ये हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. जेलने संसर्ग कमी होण्याऐवजी वाढतो की काय, अशी शंका आकड्यांवरून आली. अखेरच्या हिशेबात १३९८ स्त्रियांपैकी खरी जेल वापरणाऱ्यांत २५ जणींस व औषधविरहित जेल वापरणाऱ्यांत १६ जणींस संसर्ग झाल्याचे निघाले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल. पण जेल उपयोगी नाही एवढे निश्चित झाले, आणि २००८ साली हे अपयश संशोधकांनी आपल्या नावानिशी प्रसिद्ध केले. चरित्रलेखक असल्या प्रकरणांवरून घाईने पुढे जातात. आम्हांस हे प्रकरण महत्त्वाचे वाटते. फसलेला प्रयोग लपविला असता तर दुसऱ्या कोणी तोच पुन्हा केला असता, आणि त्याची किंमत पुन्हा दुसऱ्या स्त्रियांनी दिली असती. शास्त्रातील प्रामाणिकपणाची खरी परीक्षा यशाच्या वेळी होत नाही.

ह्यानंतर आपण २०११ सालापाशी येतो. एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशींत शिरून वाढतो व त्यांचा नाश करितो; औषधे ही वाढ रोखतात, आणि रक्तातील विषाणूंची संख्या इतकी उतरते की साध्या चाचणीत ते सापडतही नाहीत. मग विषाणूच नगण्य झाला तर तो दुसऱ्यास जाणार कसा, ही शंका पुष्कळांस आली होती, पुरावा नव्हता. अमेरिकेतील डॉ. मायरन कोहेन ह्यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांत १३ ठिकाणी हा पुरावा शोधण्याचा प्रयोग झाला, आणि त्यांत चेन्नई व पुणे ही दोन भारतीय ठिकाणे होती. जिच्यात एकास संसर्ग आहे व दुसऱ्यास नाही अशी १७६३ जोडपी घेण्यात आली. अर्ध्या जोडप्यांतील रुग्णास औषध लगेच सुरू केले; उरलेल्यांत, त्या वेळच्या रीतीप्रमाणे, संरक्षक पेशींची संख्या पुष्कळ खाली येईपर्यंत थांबले. सल्ला व निरोध सर्वांसच देण्यात आले. एप्रिल २०११ मध्ये देखरेख करणाऱ्या मंडळाने आकडे पाहिले आणि निष्कर्ष तत्काळ जाहीर करावयास लाविले. जोडीदाराकडून जोडीदारास गेलेले म्हणून सिद्ध झालेले संसर्ग २८ होते. त्यांपैकी २७ वाट पाहणाऱ्या गटात आणि अवघा एक लगेच औषध घेणाऱ्या गटात. म्हणजे शेकडा ९६ घट. 'सायन्स' ह्या नियतकालिकाने त्या वर्षातील सर्वांत मोठी शास्त्रीय प्रगती म्हणून हिचाच गौरव केला.

ह्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उपचार की प्रतिबंध, रोगी की निरोगी, हा जो वाद वीस वर्षे चालला होता, तो येथे मुळासकट कोसळला. रोग्यास औषध देणे हाच निरोग्याचा बचाव ठरला. फुटक्या घागरीत पाणी ओतणे म्हणून ज्यास हिणविले गेले, ते घागर बुजविण्याचेच काम होते. पुढे २०१५ साली ३५ देशांतील ४६८५ रुग्णांवरील दुसऱ्या एका प्रयोगाने, औषध लवकर घेण्याने खुद्द रुग्णाचेही अधिक कल्याण होते, हे दाखविले. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग कळताच सर्वांस औषध द्यावे अशी शिफारस केली. डॉ. सॉलोमन ह्यांस जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. भारत सरकारने ते धोरण २०१७ साली स्वीकारिले, आणि एचआयव्ही-बाधितांस नोकरीत, शिक्षणात व उपचारात भेदभावापासून संरक्षण देणारा कायदाही त्याच साली संमत झाला.

परंतु जयघोषात आमचा सूर मिसळण्यापूर्वी त्या २७ जणांचे स्मरण ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. वाट पाहणाऱ्या गटातील रुग्णांस जे औषध उशिरा दिले ते त्या काळच्या मान्य नियमास धरूनच होते. कोणास फसविले गेले नाही, सर्वांनी समजून संमती दिली होती. १९८६ आणि २०११ ह्यांतील हे अंतर लहान नाही. तरीही जगास जे ज्ञान झाले त्याचा मोबदला काही थोड्या कुटुंबांनी आपल्या रक्ताने दिला, हे सत्य संमतिपत्राने पुसले जात नाही. ऋण कमी झाले, फिटले नाही. आणि मनुष्यावर प्रयोग करून मिळविलेल्या कोणत्याही विद्येचे ते बहुधा कधीच पूर्णपणे फिटत नसते. ज्याला हे कळते तोच त्या विद्येचा वापर नम्रपणे करितो.

डॉ. सॉलोमन ह्यांच्या कार्याचा एक भाग असा आहे की, शास्त्रीय नियतकालिकांत त्यास जागा नाही. आपल्या रुग्णांची त्या लग्ने जुळवीत. औषधांनी आयुष्य वाढले, तेव्हा तरुण रुग्णांस एकटेपण जाणवू लागले; निरोगी जोडीदार शोधावा तर सत्य लपवावे लागे. म्हणून बाधित मुलाचे बाधित मुलीशी स्थळ पाहण्याचे काम ह्या विदुषीने अंगावर घेतले. ॲन किम आणि प्रिया गिरी देसाई ह्यांनी 'लव्हसिक' नावाचा माहितीपट ह्याच विषयावर काढला आहे. विषाणूंची संख्या आणि पेशींची मोजणी ह्यांबरोबरच शिक्षण, मिळकत व धर्म ह्यांचाही मेळ तेथे पाहिला जाई.

ह्यावर आधुनिक टीकाकार दोन आक्षेप घेऊ शकेल. एक असा की, बाधितांचे लग्न बाधितांशीच लावणे म्हणजे त्यांची एक नवी जात निर्माण करणे होय. दुसरा असा की, विवाहावाचून जीवन अपुरे, ह्या जुन्याच समजुतीस एका शास्त्रज्ञ स्त्रीने येथे मान तुकविली. हे दोन्ही आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पहिल्यास तर २०११ च्या प्रयोगानेच बळ दिले आहे; कारण औषध नियमित घेणाऱ्या रुग्णापासून निरोगी जोडीदारास भय उरत नाही हे ठरल्यावर वेगळ्या पंक्तीची आवश्यकता शास्त्रास तरी राहिलेली नाही. परंतु समाज शास्त्राच्या वेगाने चालत नाही. ज्या तरुणीला घरात वेगळे ताट मांडले जाते तिला, समाज सुधारेपर्यंत थांब, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? डॉ. सॉलोमन ह्यांनी समाज जसा आहे तसा घेतला आणि त्यातल्या त्यात आपल्या माणसांस बसावयास जागा करून दिली. ही सुधारकाची रीत नव्हे, वैद्याची आहे. आणि तिच्या मर्यादा त्या वैद्यवृत्तीच्याच मर्यादा आहेत.

आणखी एक मर्यादा सांगून हे परीक्षण आवरते घेऊ. इतके मोठे संशोधन एका खासगी संस्थेतून झाले आणि त्यातील मोठमोठ्या प्रयोगांस पैसा मुख्यत्वे अमेरिकेतून आला. प्रश्न कोणते विचारावयाचे हे ज्याच्या हाती थैली असते तोच पुष्कळ अंशी ठरवितो. भारतीय रुग्ण आणि भारतीय डॉक्टर ह्यांनी जगास जे ज्ञान दिले, त्याची आखणी मात्र परदेशी झाली, ही गोष्ट अभिमानाबरोबर थोडी खिन्नताही आणते. ह्याचा दोष ज्यांनी मिळेल त्या साधनांनी काम केले त्यांच्याकडे जात नाही. सरकारने आणि आपल्या धनिकांनी जी जागा मोकळी ठेविली तिच्याकडे जातो.

मराठीत डॉ. सुनीति सॉलोमन ह्यांचे चरित्र लिहावयाचे झाल्यास, ती 'आपली गायतोंड्यांची मुलगी' म्हणून अभिमान मिरविण्यासाठी ते लिहू नये. तो अभिमान स्वस्त आहे. त्यांनी जे केले ते मद्रासेत केले, तमिळ बोलणाऱ्या रुग्णांत केले. चरित्रकाराने सेल्लप्पन निर्मला ह्यांचे नाव पहिल्याच प्रकरणात घालावे. फसलेल्या जेलला एक पूर्ण प्रकरण द्यावे. ज्या सहा स्त्रियांपासून ह्या कथेस आरंभ झाला त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, आणि नसावीत हेच योग्य. परंतु त्यांच्यासाठी अर्पणपत्रिकेचे पान राखून ठेवावे. आणि १९८६ ह्या सालावर फार वेळ न रेंगाळता, त्यानंतरच्या एकोणतीस वर्षांत दररोज सकाळी त्या दवाखान्याच्या बाकावर कोण येऊन बसत होते आणि त्यांस काय मिळत होते, हे सांगावे. असे चरित्र आमच्या पाहण्यात आल्यास, 'आद्य' हा शब्द त्यात एकदाही आला नाही तरी आमची तक्रार राहणार नाही.